तंत्रस्नेही

माझ्या सगळ्या तांत्रिक कीर्तीच्या मुळाशी एक बटण आहे, आणि तेही भिंतीवरचं.

२०१६ च्या सुमाराची गोष्ट. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चे दिवस होते. आमच्या केंद्राची शिक्षण परिषद भरली होती. चाळीसेक गुरुजी आणि बाई सतरंजीवर, साहेब खुर्चीवर आणि तज्ज्ञ मार्गदर्शक टेबलाखाली. प्रोजेक्टर लागत नव्हता. साहेब दर दोन मिनिटांनी विचारायचे, "होतंय का?" आणि टेबलाखालून आवाज यायचा, "होतंय, होतंय." मी दाराजवळ बसलो होतो, कारण तिथून चहाची किटली सगळ्यांत आधी दिसते. पाठीला काहीतरी रुतत होतं. वळून बघतो तर बटण. पंखा लागेल म्हणून दाबलं, तर प्रोजेक्टर लागला.

टाळ्या पडल्या. साहेबांनी नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. तिथंच मी संपलो. सरकारी वहीत गेलेलं नाव सातबाऱ्यावरच्या नावासारखं असतं, मेल्यावरसुद्धा अर्ज केल्याशिवाय निघत नाही. आठ दिवसांत तालुक्यातल्या 'तंत्रस्नेही शिक्षकां'ची यादी आली आणि तिच्यात चौथ्या क्रमांकावर मी होतो.

'स्नेही' हा शब्द तोवर मला फक्त लग्नपत्रिकेत भेटला होता. तंत्राचा आणि माझा स्नेहही त्याच जातीचा, नाव छापलेलं आणि ओळख अजिबात नाही. नाही म्हणायला मी एमएस-सीआयटी होतो. पण ते प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ अडकते, असं कळल्यावर आम्ही सगळेच झालो होतो. त्या तीन महिन्यांत मी संगणकावर एक कौलारू घर, दोन डोंगर आणि मधोमध सूर्य काढला. तेवढ्या भांडवलावर मी तालुक्यात चौथा.

खेड्यात पायाळू माणसाची जी गत असते, तीच माझी झाली. कुणाची कंबर धरली की लाथ घालून घ्यायला सगळे पायाळू माणसाकडे येतात. त्यात त्या बिचाऱ्याचं कर्तृत्व काही नसतं, जन्मताना पाय आधी बाहेर आले एवढंच. माझं बटण आधी दाबलं गेलं. केंद्रातल्या शाळांचे प्रिंटर पोत्यात घालून माझ्याकडे येऊ लागले. मीही पायाळू माणसाचीच विद्या वापरली. डाव्या अंगाला एक धपका घातला की दहांतले चार सुरू व्हायचे. उरलेल्या सहांना मी गंभीर चेहऱ्यानं "ह्याचा ड्रायव्हर गेलाय" म्हणायचो. त्यावर एका शाळेच्या शिपाईमामांनी "मग एस्टीला कळवायचं का?" असं विचारलं होतं.

गावाला कळलं तेव्हा तर कहर झाला. आमची शाळा माणदेशात, द्विशिक्षकी. चार वर्ग, एकतीस मुलं, एक मी आणि एक आमच्या मुख्याध्यापिका बाई. पुढं ई-पीक पाहणीचं ॲप आलं आणि शाळेच्या पायऱ्यांवर शेतकरी बसू लागले.

"गुर्जी, तेवढी आमची बाजरी मोबाइलात घाला की."

"अहो, तिचा फोटो रानात उभं राहूनच काढायला लागतो."

"मग चला की. गाडी आणलीया."

एका आजींनी सांगितलं, की फोनमध्ये मुंबईचा नातू दिसतोय पण बोलत नाही. मी फोन उलटासुलटा केला, दोन-तीन ठिकाणी दाबून बघितलं. तो नातवाचा फोटो होता.

आमच्या खात्यात तंत्रज्ञान बहुधा आभाळातूनच येतं. १९७५ साली अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना वर्षभर टीव्ही दाखवला गेला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आमची आधीची पिढी सुखात निवृत्त झाली. मग १९८४ मध्ये पुण्यात शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी आली. १९८७ मध्ये आली ती ऑपरेशन ब्लॅकबोर्ड, म्हणजे आमच्या भाषेत खडू-फळा मोहीम. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि थोडं शैक्षणिक साहित्य असावं, असं तिचं म्हणणं. आजवरच्या सगळ्या तंत्रज्ञानात मला तेच सर्वांत पटलेलं आहे, कारण त्या दोन शिक्षकांपैकी एक मी. २००४ च्या सप्टेंबरात फक्त शिक्षणासाठी बनवलेला देशाचा पहिला उपग्रह, एज्युसॅट, आभाळात गेला. आम्हाला तालुक्याला डिशसमोर बसवलं. उपग्रह होता सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर आणि डिश आमच्या डोक्यावर बारा फुटांवर. जो काही बिघाड झाला तो कायम या बारा फुटांत झाला. एकदा डिशवर कावळा बसला, तर तज्ज्ञांचं तोंड हलायचं थांबलं. कावळा उडाला तेव्हा तास संपला होता.

मग ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षक दिनाच्या मुहूर्तावर, 'दीक्षा' आली आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. कोडवर मोबाईल धरला की त्या पाठाचे व्हिडिओ दिसायचे. कल्पना खरोखर चांगली, हे मी कुठल्याही साहेबाच्या धाकाशिवाय सांगतो. फक्त पोरांना ती रांगोळी वाटली. "गुरुजी, ही कुणी काढली?" असं पहिलीनं विचारलं. तिसरीतल्या एका हुशार मुलीनं आपल्या पुस्तकातल्या कोडचे पांढरे चौकोन पेन्सिलीनं नीट भरून टाकले. का, तर "अपुरी व्हती." तिच्या पुस्तकावर मोबाईल धरून मी पाच मिनिटं उभा होतो. पाठ उघडला नाही. पण चौकोन मात्र एकही सुटला नव्हता.

क्यूआर कोडचा विषय निघाला की आमच्याकडे डिसले गुरुजींचं नाव निघतंच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर. मराठी बातमीत त्याचे सात कोटी झाले आणि आमच्या पारावर पोचेपर्यंत दहा. दुसऱ्या दिवसापासून मला दूध घालणारा, वडापवाला, पिठाच्या गिरणीवाला सगळे एकच विचारू लागले, "गुर्जी, तुमचं कधी?" जणू काही यादी आहे आणि माझा नंबर थोडा मागं आहे. त्यातच बातमी आली, की डिसले गुरुजींनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मी भारावून घरी सांगितलं. बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी वाटले. तुम्ही आधी आणा तर. वाटायचं मी बघते."

मीही काही कमी डिजिटल नव्हतो. गावानं लोकवर्गणी काढून शाळेला त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. सरपंचांनी नारळ फोडला, बायकांनी टीव्हीला हळदीकुंकू लावलं. त्यातलं कुंकू पडद्याच्या कोपऱ्यात उतरलं ते आजही आहे. भारताच्या नकाशावर ते बरोबर बंगालच्या उपसागरात येतं. चोरी होऊ नये म्हणून टीव्ही लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. गावानं वर्गणी दिली म्हणून गावाचा हक्कही राहिला. क्रिकेटचा अंतिम सामना असला की शाळेत शंभर टक्के उपस्थिती असायची, सगळी पालकांची.

मुलांना सूर्यमाला दाखवायची ठरली तो दिवस मला चांगला आठवतो. उन्हानं पडदा दिसेना म्हणून खिडक्यांना घोंगडी लावली. खोलीत काळोख आणि मेंढरांचा वास. पहिलीची तिघं पाच मिनिटांत झोपली. बाकीच्यांना सूर्य आवडला नाही, गुरू आवडला नाही, शनीची कडीसुद्धा आवडली नाहीत. त्यांना आवडला तो माउसचा बाण. मी बाण डावीकडं नेला की एकतीस वजा तीन माना डावीकडं. "गुरुजी, त्याला गरागरा फिरवा!" फिरवला. टाळ्या. पृथ्वीची वेळ आली आणि मधेच जाहिरात लागली. एक माणूस खुर्चीत बसून रमी खेळा आणि पैसे जिंका म्हणून सांगू लागला. मी बंद करायला धावलो तर ऐन वेळी तो माणूस मोठा झाला, सगळ्या पडद्याएवढा. पुढच्या आठवड्यात चाचणीत प्रश्न होता, 'सूर्यमालेविषयी माहिती लिहा.' दोघांनी लिहिलं, 'सूर्यमालेत आठ ग्रह असतात व जबाबदारीने खेळावे.'

पण हे सगळं शिकवण्याचं झालं. तंत्रस्नेही माणसाचं खरं काम ते नव्हेच. खरं काम लिंक भरणं.

आमचे ग्रुप नऊ. केंद्राचा, बीटाचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा, पोषण आहाराचा, तंत्रस्नेहींचा, मुख्याध्यापकांचा (बाईंच्या वतीनं मी), संघटनेचा आणि 'फक्त महत्त्वाचे' नावाचा एक, ज्याच्यावर रोज सकाळी फुलं येतात. संदेशांची उतरंड ठरलेली आहे. 'माहितीस्तव' म्हणजे वाचू नका. 'तात्काळ' म्हणजे या महिन्यात. 'अत्यंत तात्काळ' म्हणजे काल हवं होतं. आणि 'साहेब स्वतः पाहत आहेत' म्हणजे साहेबांना त्यांच्या साहेबांनी झाडलंय.

काहीच माहिती नसेल तरी गप्प बसायचं नाही, 'निरंक' म्हणून कळवायचं. गेल्या वर्षी मला विचारणा झाली, की आपल्या शाळेतल्या किती संगणकांना पुराचं पाणी लागलं. माणदेशात! आमच्याकडं पाणी प्यायला टँकर येतो. मी 'निरंक' कळवलं. वरून उत्तर आलं, 'निरंक असल्यास फोटो जोडावा.' मी कोरड्या ओढ्याचा फोटो जोडला. तो स्वीकारला गेला. आणखी एक लिंक आली होती, 'आपल्या शाळेत इंटरनेट नसल्यास कारण ऑनलाईन नोंदवावे.' ती भरायला मी माळावर गेलो.

माळावर म्हणजे म्हसोबाच्या माळावर. गावात रेंज धड नाही, पण म्हसोबाच्या मागच्या दगडावर उभं राहून तोंड पूर्वेला केलं की दोन काड्या येतात. त्या दगडावर उभं राहून मी 'निष्ठा'ची ऑनलाईन प्रशिक्षणं पूर्ण केली, पोषण आहार भरला, हजेरी पाठवली. धनगर मेंढरं घेऊन जाताना हात जोडून जातो. मला वाटायचं, म्हसोबाला जोडतोय. एकदा म्हणाला, "न्हाई वो. तुम्हालाच. एवढं हुबं ऱ्हाऊन तप कोण करतंय आता?"

मी लिंकला गेलो की वर्ग बाई सांभाळत. त्यांची विभागणी साधी होती, "सर, तुम्ही लिंका भरा, मी चारही वर्ग घेते. दोघांनी भरल्या तर शाळेत शिकवायला कोण?" मला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट माळावरून उतरताना मी फार मोठं राष्ट्रीय कार्य करून येतोय असा चेहरा असायचा. तो चेहरा पोरांनी कधी टिपला कोण जाणे. एका दुपारी शाळेमागं पोरं शाळा-शाळा खेळत होती. चौथीतला एक गुरुजी झाला होता. हातात खपलीएवढी फरशी, तिच्यावर अंगठा. समोरची पोरं ओरडली, "गुरुजी, शिकवा की!" तो खालीच बघत म्हणाला, "गप बसा रे, लिंक बंद व्हायलीय." हुबेहूब. मानेचा कोनसुद्धा माझाच. मी रागवायला पुढं झालो तेवढ्यात खिशातला फोन वाजला, आणि खरोखरच एक लिंक बंद व्हायली होती.

आता प्रमाणपत्रांचं सांगितलं पाहिजे. ती माझी वैयक्तिक अधोगती आहे.

२०२० च्या टाळेबंदीत 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' होतं आणि त्याच्या जोडीनं ऑनलाईन प्रश्नमंजुषा सुरू होत्या. दहा प्रश्न, चार बरोबर आले की प्रमाणपत्र. पहिल्या दिवशी मी एक मिळवलं. चौथ्या दिवशी सहा. जूनअखेर माझी एकसष्ट झाली होती. जागतिक चिमणी दिन, जागतिक हात धुणे, जलसाक्षरता, योग, टपाल. प्रत्येकावर सोनेरी वेलबुट्टी आणि अनोळखी माणसाची सही. दुकानं उघडल्यावर मी पहिली धाव घेतली ती लॅमिनेशनवाल्याकडं, वीस रुपयाला एक. त्यानं एकसष्ट मोजली आणि विचारलं, "सर, ही सगळी एकाच माणसाची?" मी लाजलो. बायकोनं चिमणीचं प्रमाणपत्र उलटंपालटं करून बघितलं. "आपल्या वळचणीला चिमणीनं घरटं केलंय. तिच्याकडं आहे का हे?" असं विचारून ते तिनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. अजून टिकलंय. लॅमिनेशन चांगलं होतं.

त्यातच ते घडलं. एका नामांकित वाटणाऱ्या ऑनलाईन प्रशिक्षणाचा फॉर्म मराठीतच भरायचा होता. टंकायला वेळ लागतो म्हणून मी बोलून लिहिणारी सोय चालू केली. नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं, घसा साफ केला, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला म्हणून नेहमीच्या सवयीनं तोंडातून गेलं, "अगं, चहा टाक." पुढचं बटण आपोआप दाबलं गेलं. पाच मिनिटांत सोनेरी प्रमाणपत्र आलं. 'श्री. अगं चहा टाक यांनी अध्यापनातील तंत्रज्ञान हा अभ्यासक्रम उत्कृष्टरीत्या पूर्ण केल्याबद्दल.'

दुरुस्तीसाठी मेल केली. उत्तर आलं, नाव बदलायचं असेल तर आधारकार्डावरचं नाव जुळावं लागेल. म्हणजे चहा टाक यांचं. मी नाद सोडला. पण संगणक विसरत नाही, आणि खातं तर मुळीच नाही. गेल्या वर्षी तालुक्याच्या प्रशिक्षणाचा आदेश आला. विषय 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा परिणामकारक वापर', तज्ज्ञ मार्गदर्शक श्री. चहा टाक, अगं. आडनाव आधी घेतलं होतं. मोबाईल नंबर माझा.

मी बाईंना म्हटलं, "हा मी नव्हेच. जात नाही."

बाई म्हणाल्या, "नंबर तुमचा आहे. न गेलात तर नोटीस त्याच नावानं येईल, आणि खुलासा तुम्हालाच त्याच नावानं द्यावा लागेल."

गेलो. दारात नोंदणीच्या टेबलावर एक क्लार्क यादीत बोट फिरवत होता. "ते चहा टाक सर आले का?" मी हात वर केला. त्यानं जराही न हसता सही घेतली आणि मानधनाच्या पावतीवर तेच नाव घातलं. बाजूच्या शिपाईमामांनी मात्र ते आदेश समजून चहा टाकला. त्या दिवशी प्रशिक्षणात चहा वेळेवर आला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

समोर चाळीस गुरुजी आणि बाई. मी रात्री जागून पंचवीस स्लाइडा केल्या होत्या. पेनड्राइव्ह लावला, तर घरच्या संगणकावरचा मराठी फाँट इथं नव्हता. सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन, आकडे आणि टोप्या. मला घाम फुटला. मागच्या साली आमचा वार्षिक अहवाल असाच चौकोनी होऊन वर गेला होता, आणि त्याच्यावर 'वाचला. स्तुत्य' असा शेरा आला होता. तेवढ्या धीरावर मी पहिली स्लाइड तशीच दाखवली. चार जणांनी ती उतरवूनसुद्धा घेतली. दुसऱ्या स्लाइडला प्रोजेक्टर विझला.

मी टेबलाखाली गेलो. खाली गेल्यावर कळलं, की टेबलाखाली माणूस काही करत नसतो, तो फक्त समोर नसतो. वरून साहेबांचा आवाज आला, "होतंय का?"

"होतंय, होतंय," मी म्हणालो.

शेवटी बाहेर आलो, खडू घेतला आणि फळ्यावर शिकवायला लागलो. पहिलीच्या पोरांना बाणाचं कौतुक का वाटतं, घोंगडी लावल्यावर ती का झोपतात, जाहिरात कुठल्या क्षणी येते, कोड रांगोळीसारखा दिसतो तर आधी रांगोळीच का काढू द्यावी. पाऊण तास गेला. लोक हसले, भांडले, एका बाईंनी फळ्यावर येऊन माझी चूक दुरुस्त केली. इतका बरा तास मी बऱ्याच वर्षांत घेतला नव्हता. संपल्यावर साहेब म्हणाले, "छान. पण अहवालाला प्रोजेक्टरसकट फोटो लागतो." मग मी विझलेल्या प्रोजेक्टरच्या कोऱ्या पडद्याकडं बोट दाखवत उभा राहिलो आणि चाळीस जणांनी त्या कोऱ्या पडद्याकडं कुतूहलानं बघितलं. पहिला फोटो हलला म्हणून दुसऱ्यांदाही बघितलं.

तेवढ्यात दाराजवळ बसलेला एक नवा शिक्षक, नोकरीला सहा महिने झाले असतील, किटली कुठवर आली ते बघायला मागं रेलला. त्याच्या पाठीखाली काहीतरी खटकन वाजलं. प्रोजेक्टर लागला.

टाळ्या सुरू झाल्या. साहेबांनी वही काढली. मी लांबून डोळे मोठे केले, मान हलवली, तोंडावर बोट ठेवलं. पण त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता आणि तो उभा राहून स्पष्ट आवाजात आपलं पूर्ण नाव सांगत होता.

चहाच्या वेळी मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "बाळा," म्हटलं, "आठ दिवसांत एक लिंक येईल. नाव हातानं टाक."